गंज चालेल, पार्ट हरवलेला चालणार नाही : जुन्या सायकली स्वस्तात कशा जमवायच्या

(हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले जादाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी काहींच्या जिन्याखाली पडलेला असणार. सोसायटीत वर्षातून एकदा एक नोटीस लागते बघा: "पार्किंगमधल्या बेवारस सायकली १५ दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील." मग आपण खाली जाऊन तो ढीग बघतो. वरती लहान मुलांच्या सायकली, साइड व्हीलवाल्या. त्याखाली दोन-चार गिअरच्या, टायर बसलेल्या. आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, एक उंच काळी सायकल. तारांऐवजी लोखंडी कांड्यांचे ब्रेक, भलं मोठं चेनकव्हर, मागे जाड कॅरियर. त्यावर इतकी धूळ की रंग काळाच आहे हे अंदाजानेच म्हणायचं.

आज बोलायचंय ते या काळ्या सायकलीबद्दल.

गेली काही वर्षं मी अशा सायकली शोधते, विकत घेते, दुरुस्त करते आणि चालवते. म्युझियममध्ये ठेवायला नाही. ते काम करणारे लोक आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, ते एकदा बघाच, डोळे फिरतात. माझा प्रकार वेगळा. माझी अट अशी की सायकल घेऊन, दुरुस्त करून, रस्त्यावर येईपर्यंत एकूण खर्च ४००० रुपयांच्या आत बसला पाहिजे. लोकांना वाटतं, जुनी वस्तू म्हणजे खर्चिक शौक असणार. या सायकलींच्या बाबतीत आपल्या देशात तसं नाहीये. का नाहीये, ते कळलं की कुठली सायकल घ्यायची आणि कुठली सोडायची हे आपोआप कळतं. म्हणून आधी थोडा इतिहास, कंटाळा येणार नाही याची गॅरंटी.

आपण जिला 'साधी सायकल' म्हणतो, ती मुळात इंग्लिश. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने रोव्हर नावाची सायकल काढली: दोन जवळपास सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलस आणि बीएसए अशा कंपन्या जगभर सायकली पाठवायला लागल्या होत्या. भारतातही त्याच यायच्या. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीच मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. नंतर मद्रासला टीआय सायकल्स आली १९४९ मध्ये, ती हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए बनवायची. आसनसोलला सेन-रॅले आली, ती रॅले, हंबर, रज, रॉबिनहूड बनवायची. सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये.

आता यातली गंमत ऐका. इंग्लंडमध्ये पुढे सगळं बदलत गेलं. टायरची मापं बदलली, क्रँक बदलले, ब्रेक बदलले. आपल्याकडे मात्र दूधवाला, पोस्टमन, शेतकरी यांना हवी होती तीच जुनी, जड, मजबूत सायकल. त्यामुळे ती बनत राहिली आणि तिचे सुटे भागही बनत राहिले. लुधियानात छोटे छोटे कारखाने आजही ते बनवतात. २८ बाय १½ चा टायर इंग्लंडमधल्या शौकिनाला शोधत बसावं लागतो. आपल्याकडे तो तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानात खुंटीला लटकलेला असतो.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. आम्ही ज्याला बॅकवर्ड कंपॅटिबल म्हणतो ना, ते इथे आपोआप झालंय. पाच वर्षांपूर्वीच्या फोनची बॅटरी मिळत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या सायकलचा ब्रेक शू मिळतो. त्यातही पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, हा जुना इंग्लिश हिशोब आपल्याकडे अजून तसाच आहे. म्हणजे रिम गेली तरी नवी रिम त्याच भोकांची मिळते.

म्हणून माझा नियम सोपा आहे. सायकल बघताना तिचं काय *झिजलंय* हे बघायचं नाही, तिचं काय *हरवलंय* हे बघायचं.

टायर फाटलेत? मिळतात. ट्यूब, व्हॉल्व्ह, चेन, फ्रीव्हील, छर्रे, कॉटर, तारा, पायडल, ब्रेक शू, सगळं मिळतं, तेही कमी पैशांत. रिमवर गंज आलाय? साफ होतो, नाहीच झाला तर रिम बदलते. पण पूर्ण बंद चेनकेस नसेल, तर त्याच सायकलला बसणारा मिळणं जवळपास नशिबाचा भाग. पुढच्या नळीवरची कंपनीची पितळी पाटी उचकटली असेल, तर संपलं. चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो फोर्क, दुसऱ्याच सायकलचा असेल तर ती सायकल अर्धीच राहिली. मूळ चेनव्हील नसेल तरी तसंच.

आणि चेनव्हील म्हणजे काय चीज आहे, तेवढं सांगू द्या, कारण मला त्याचं फार कौतुक आहे. जुन्या कंपन्या आपली सही या चक्रात कापून ठेवायच्या. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी. हंबरच्या चक्रात पाच पळणारी माणसं. रजच्या चक्रात हाताचा पंजा. बीएसएच्या चक्रात ती तीन अक्षरंच, कारण बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका बनवणारी कंपनी. त्यांच्या चिन्हात एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली आहेत. त्यामुळे रंग गेला, नाव गेलं, तरी चेनकव्हरच्या आत टॉर्च मारून बघायचं. कोण आहे ते सायकल स्वतः सांगते. अर्थात चेनव्हील बदललेलं असू शकतं, म्हणून पाटी, चक्र आणि चिमटा तिन्ही एकच नाव सांगतायत का हे जुळवून घ्यायचं.

बरं, सायकल समोर आहे. घ्यायची की नाही ठरवायला मी दहा मिनिटं घेते.

आधी बाजूला उभं राहून चिमटा बघायचा. तो खालच्या टोकाला पुढे छान वळलेला असतो. समोरून धडक बसली असेल तर तो मागे ढकलल्यासारखा दिसतो. मग हँडलच्या मागे, वरची दांडी आणि खालची तिरकी नळी जिथे पुढच्या नळीला जुळतात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवायचं. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर फ्रेमने मार खाल्लाय. नमस्कार करायचा आणि निघायचं. जोडांवर बारीक भेग आहे का ते बघायचं. सीटचा दांडा हलतो का? वर्षानुवर्षं तो आतल्या आत गंजून फ्रेमशी एकजीव होतो आणि तो काढणं हे फार वेळखाऊ काम आहे. हलत नसेल तर मी भाव कमी करून मागते. क्रँक धरून आडवा हलवायचा, चाकं हवेत फिरवायची. इथे खडखड आली तर घाबरू नका, ती छर्ऱ्यांची आणि कॉटरची आहे, मिळणाऱ्या गोष्टींची.

टायरबद्दल एक सावधानी. '२६' लिहिलंय म्हणून कुठलाही २६ चा टायर बसत नाही. जुन्या रोडस्टरचा २६ बाय १ ३/८ आणि हल्लीच्या जाड टायरवाल्या माउंटन बाइकचा २६ बाय २.१२५, या दोन्हींच्या रिमचा व्यास वेगळा. पहिल्याची ५९० मिलिमीटर, दुसऱ्याची ५५९. दुकानात जाताना जुना टायर हातात घेऊन जा, म्हणजे वाद नको.

आता जरा नावडतं बोलते. जुन्या सायकलच्या व्यवहारात चोरीच्या सायकली फिरतात. बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे मीही जाते, मजा येते, पण 'कागद कशाला ताई, सायकलच तर आहे' असं कोणी म्हणालं की मी पुढे सरकते. फ्रेमवर नंबर असतो, बहुतेकदा सीटखालच्या जोडावर किंवा पायडलच्या आडव्या नळीखाली. त्याचा फोटो काढायचा. साध्या कागदावर पावती लिहून घ्यायची: विकणाऱ्याचं नाव, फोन, तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, सही. पैसे शक्यतो यूपीआयने द्यायचे, म्हणजे नोंद राहते. आणि सोसायटीतली सायकल 'बेवारस' आहे असं परस्पर ठरवायचं नाही. सेक्रेटरींना विचारायचं, वॉचमनकाकांना विचारायचं. ज्याला सगळे बेवारस म्हणतात, तिचा वारस बहुतेक वेळा तिसऱ्या मजल्यावरच राहतो.

माझ्या रॅलेचं असंच झालं. मैत्रिणीच्या सोसायटीत नोटीस लागली होती. मी ती सायकल बघितली, वॉचमनकाकांनी वर बोट दाखवलं. बेल वाजवली. सत्तरीच्या पुढच्या एक काकू. मी मनात सगळं तयार करून गेले होते: आठवणी असतील, डोळ्यांत पाणी येईल, आपण हळुवार बोलायचं वगैरे. काकूंनी दारातच विचारलं, "भंगारवाला पाचशे म्हणतोय. तू किती देणार?"

आता भंगाराचा हिशोब बघा. ही सायकल वीस किलोच्या आसपास भरते. किलोला २५-३० रुपये धरले तर पाचशे-सहाशेच होतात. भंगारवाला चुकीचं काहीच बोलत नव्हता. त्याच्यासाठी ते वीस किलो लोखंड आहे. मी १५०० म्हटलं. काकू म्हणाल्या, "दीड हजार? मग नक्कीच जास्तीची असणार." मला हसू आलं. मग मी त्यांना खरंच समजावून सांगितलं की ही आसनसोलची आहे, चेनकेस शाबूत आहे, पाटी शाबूत आहे, रंगवलेली नाही. आणि एखादा डेकोरेशनवाला याहून जास्त देऊ शकेल. त्यांनी जरा विचार केला. "तो काय करेल तिचं?" म्हटलं, "भिंतीला टांगेल." "आणि तू?" "चालवेन." मग म्हणाल्या, "दीड हजार दे, आणि खाली येते, तिला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे."

खाली आल्यावर त्यांनी पदराने चेनकेस पुसला. तेव्हा दिसलं. पांढऱ्या ऑइलपेंटने, पेंटरच्या वळणदार अक्षरात, काकांचं नाव. खाली 'खडकी'. काका ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, शनिवार पेठेतून रोज सायकलने जायचे. सुटी झाल्यावर गेटबाहेर शेकडो काळ्या सायकली, सगळ्या सारख्या, मग आपली कुठली हे कळायला नाव. हँडलजवळ नगरपालिकेचा जुना कराचा बिल्लाही होता. तुमच्यापैकी कितीजणांना माहितीये कोण जाणे, पण एके काळी सायकलवरसुद्धा कर होता आणि तो भरला की पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला मिळायचा.

हे सगळं मी सांगतेय कारण दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन चाचांकडे गेले. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री. हात असा की डोळे मिटून आउट काढतात. त्यांनी सायकल बघितली, खूश झाले आणि म्हणाले, "ताई, सगळं घासून काढतो, पावडर कोटिंग मारून आणतो, नवीकोरी दिसेल." त्यांच्या दृष्टीने हे प्रेमच होतं. गिऱ्हाईक चकाचक मागतं. पण एकदा घासलं की काकांचं नाव गेलं, रॅलेच्या सोनेरी रेषा गेल्या, पेंटरचा हात गेला. टायर लुधियानाहून येईल. हे कुठून आणणार?

म्हणून रंगाच्या बाबतीत मी अगदी हट्टी आहे. आधी नुसतं पाणी आणि साधा सौम्य साबण, मऊ फडकं. अक्षरं आणि रेषांवर दाबायचं नाही, आधी एका कोपऱ्यात करून बघायचं. थिनर, पेट्रोल त्या भागाच्या जवळही आणायचं नाही. धूळ आणि जुनं तेल निघालं की खालून बराच रंग चांगला निघतो. साठ वर्षांचं तेल म्हणजे एक प्रकारचा लेपच असतो. शेवटी मेणाचं पातळ पॉलिश. जिथे उघडं लोखंड दिसतं तिथे तेलाचा हात.

हँडल, क्रँक, रिम यांच्या क्रोमवरचा गंज काढायला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्या. चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे फारसे पडत नाहीत, आणि गंज काळ्या पाण्यासारखा निघतो. पहिल्यांदा करताना व्हिडिओ काढा, विश्वास बसत नाही. नट-बोल्टसारख्या सुट्या भागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण चालतं, पण ते विषारी आहे: हातमोजे, मोकळी हवा, घरातल्या भांड्यात अजिबात नाही, लहान मुलं आणि मांजरं लांब. आणि काही रीलमध्ये टॉयलेट क्लीनर ओततात, ते करू नका. ते गंजाबरोबर क्रोमही खातं.

खरं काम मात्र आतलं. दुकानात त्याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. ओव्हरहॉलिंग आणि ऑइलिंगची मिसळ होऊन हा शब्द झाला असावा, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा जास्त आवडतो. पूर्ण सायकल खोलायची, छर्रे काढायचे, रॉकेल किंवा डिझेलने कप धुवायचे, नवं ग्रीस, नवे छर्रे. पायडलच्या आसात दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे जातात. जुने छर्रे परत घालायचा मोह टाळा, सगळा संच थोड्या पैशात मिळतो. खोलताना दोन गोष्टी लक्षात ठेवा: डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, आणि उजव्या बाजूचा बीबी कपही उलट्या आट्याचा. जोर लावायच्या आधी दिशा तपासा. आणि सायकल अस्सल नॉटिंगहॅमची रॅले असेल तर तिचे बीबीचे आटे इंचाला २६, बाकी बहुतेकांचे २४. जबरदस्तीने बाजारातला कप बसवला तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. म्हणून तिचे जुने कप जपायचे, फक्त छर्रे बदलायचे.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे कॉटर. क्रँक आणि आस यांना धरून ठेवणारी ती पाचर. गंजलेली असते, आणि नवशिका माणूस नट काढतो आणि थेट आट्यांवर हातोडा मारतो. आटे फुलतात, कॉटर अडकते ती अडकतेच. चाचांची पद्धत अशी. आदल्या रात्री तेल सोडायचं. नट पूर्ण काढायचा नाही, टोकाशी समपातळीत ठेवायचा, म्हणजे मार आट्यांवर जात नाही. क्रँकच्या खाली भरीव आधार, ते लोखंडी पाइपचा तुकडा लावतात. मग एकच फटका, मोजून. दहा हळू फटक्यांपेक्षा एक नीट फटका बरा. नवी कॉटर बसवताना तिची सपाट बाजू कानशीने घासून जुळवावी लागते, आणि दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते.

हे मी वाचून शिकले नाही. चाचांशेजारी स्टुलावर बसून शिकले. त्यांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, त्याला दुकानात रस नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चाचा दिवसाला पंक्चर काढून जे कमावतात ते सगळ्यांना दिसतंय. इंटरनेटवर डिस्क ब्रेकचे हजारो व्हिडिओ आहेत. मराठीत कांडी ब्रेक जुळवायचा व्हिडिओ शोधून बघा. म्हणून माझी एक विनंती: तुमच्या भागात असा मिस्त्री असेल तर त्याच्याशी मजुरीत घासाघीस करू नका. तो सांगेल त्यापेक्षा थोडं जास्त द्या, आणि विचारून, फोन स्टँडवर लावून, त्याचं काम रेकॉर्ड करा. चाचांनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाले फक्त हात दिसू देत, चेहरा नको.

कांडी ब्रेकवरून आठवलं, हे नीट ऐका. हे ब्रेक रिमला बाजूने नाही, आतल्या बाजूने धरतात. कोरड्यात बऱ्यापैकी चालतात. पावसात क्रोमच्या ओल्या रिमवर ते जवळपास धरतच नाहीत. धरायला काही फेऱ्या जातात. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये त्या काही फेऱ्या म्हणजे पुढच्या पीएमटीचा बंपर. तर नवे ब्रेक शू, प्रत्येक सांधा सैल-घट्ट बघितलेला, आणि आधी गल्लीत, मग मोकळ्या रस्त्यावर. पावसाळ्यात मी ही सायकल काढतच नाही. आणि चढासाठी: मागे साधारण १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं, ते २० चं करून घेतलं की चांदणी चौकाच्या बाजूचा चढ जरा माणसात येतो. जुनं फ्रीव्हील डब्यात जपून ठेवायचं.

तीन गिअरवाल्या जुन्या सायकलींबद्दल थोडंच सांगते, तो वेगळा एपिसोड होईल. मागचा हब जरा फुगीर दिसला, तर धूळ पुसून बघा. स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू आणि काही आकडे दिसतील. ५८ आणि ३ असेल, तर हब मार्च १९५८ चा. हबचा, हं, चाक बदललेलं असेल तर सायकल वेगळ्या वयाची असू शकते. यात ग्रीस नाही, हबवरच्या छोट्या टोपीतून पातळ तेल सोडायचं. गिअर सटकत असेल तर बहुतेक वेळा आत काही तुटलेलं नसतं, तार नीट जुळलेली नसते. दुसरा आणि तिसरा गिअर यांच्यामध्ये एक न्यूट्रल जागा आहे, तिथे पायडल रिकामं फिरतं. उभं राहून जोर लावत असताना ते झालं तर दांडीवर आदळाल, म्हणून तार जुळवल्याशिवाय उभं राहून मारायची नाही. आणि त्याचे आसाचे नट साध्या सायकलचे बसत नाहीत, हरवू नका.

आता पैसे, कारण सगळ्यात जास्त मेसेज त्याचेच येतात. काकूंच्या रॅलेचा हिशोब माझ्या वहीतून: सायकल १५००, दोन टायर ७००, दोन ट्यूब २५०, चेन २००, ब्रेक शू ८०, कॉटर ४०, छर्रे ६०, ग्रीस-रॉकेल-फॉइल १५०, चाचांची मजुरी ६००. एकूण ३५८०. तुमच्या गावात आकडे थोडे इकडेतिकडे होतील. सीट जुनंच, चामड्याचं, थोडं आवळून घेतलं. चामडं तेलात भिजवू नका, सैल पडतं.

अशीच सायकल हल्ली ऑनलाइन 'व्हिंटेज' म्हणून बऱ्याच पट किमतीला दिसते, आणि मग ती एखाद्या कॅफेच्या भिंतीवर जाते. चेन काढलेली, अंगावर पिवळट रंग, बास्केटमध्ये प्लास्टिकची फुलं, तारांमध्ये दिव्यांच्या माळा. ज्याचे पैसे त्याची हौस, मान्य. पण त्या किमती बघून लोक घरातली सायकल ना विकत, ना दुरुस्त करत, 'कधीतरी लाख मिळतील' म्हणून पावसात ठेवतात. लाख मिळत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षं जुनी साधी हर्क्युलस किंवा ॲटलस काही दुर्मीळ नाही, तशा लाखो बनल्या. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, तेव्हा सगळे हळहळले. पण म्हणून तुमच्या ॲटलसची किंमत दहापट झाली नाही. ती चालते तेवढीच तिची किंमत.

माझ्याकडे सध्या तीन आहेत आणि चौथी आणायची नाही असा घरात ठराव झालाय. फ्लॅट आमचा ६०० स्क्वेअर फुटांचा, बाल्कनी आईच्या तुळशीची. चौथी आली तर तीनपैकी एक कोणालातरी द्यायची, चालवणाऱ्याला, घेतली त्याच किमतीला अधिक पार्टचा खर्च. मागच्या वर्षी एक हीरो अशीच आमच्या इथल्या इस्त्रीवाल्या दादांकडे गेली. त्यांनी पहिल्याच दिवशी कॅरियरला कपड्यांच्या गाठोड्यासाठी फळी ठोकली. मी काही बोलले नाही, कॅरियर मिळतात.

सध्या स्टँडवर एक लेडीज हर्क्युलस आहे. मागच्या चाकावर साडी अडकू नये म्हणून जाळी असते, ती अर्धी फाटलीये, आणि ती विणणारं कोणी सापडत नाहीये. क्रोशावर जमेल असं आईचं म्हणणं आहे, आणि मडगार्डला त्यासाठी बारीक भोकंही आहेत. कोणाला ती जाळी मूळ कशी बांधलेली असायची हे माहीत असेल, किंवा आजीच्या सायकलला शाबूत असेल, तर फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी आणि हुक जवळून. आणि तुमच्या जिन्याखाली फुगीर हब असेल, तर आकडे वाचून तेही कळवा. पुढच्या भागात तीन गिअरचा हब खोलणार आहोत, चाचा असणार आहेत, चेहरा नसेल, हात असतील. भेटू.